प्रतिसाद: १८२१ नंतरचे ऑटोमन ग्रीक

ज्या लेखाला हा प्रतिसाद आहे, त्यात म्हटलंय की ऑटोमन (तुर्की) साम्राज्याविरुद्ध ग्रीकांनी केलेल्या १८२१ च्या उठावानंतर ऑटोमन राजकारणातून ग्रीक संपलेच, आणि नंतरही सुलतानाच्या सेवेत राहिलेले ग्रीक ‘फितूर’ होते. हे पटत नाही. धक्का भयंकर होता, हे खरं. ऐन ईस्टरला इस्तंबूलच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्मपीठाच्या दारातच तिथले पॅट्रिआर्क (धर्मप्रमुख) ग्रेगरी पाचवे यांना फाशी दिलं; ते दार आजही बंद असतं. फनारी घराण्यांकडची (इस्तंबूलमधली बडी ग्रीक घराणी) मोल्डाव्हिया-वालाकिया या आजच्या रोमानियाकडच्या मांडलिक संस्थानांची गादीही गेली.

पण पुढच्याच पिढीतला कोस्ताकी मुसुरुस बघा. ग्रीक माणूस, सुलतानाचा दूत म्हणून थेट अथेन्सला, म्हणजे उठावातून स्वतंत्र झालेल्या ग्रीसच्या राजधानीत! १८४८ मध्ये तिथेच त्याच्यावर जीवघेणा हल्ला झाला, तरी तो पुढे लंडनला तीसहून जास्त वर्षं राजदूत राहिला. रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर तहासाठी भरलेल्या १८७८ च्या बर्लिन परिषदेत ऑटोमन शिष्टमंडळाचे प्रमुख होते अलेक्झांडर काराथेओदोरी पाशा, तेही ग्रीकच. अशा माणसांना सरसकट ‘फितूर’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.