मदत हवी आहे: सासू-सासरे आणि दोन मुलांसह आर.व्ही.ने यूटा, ग्रँड टिटॉन व यलोस्टोन (जून २०२५)

रानजाई:

नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्ट येथे राहतो. माझे सासू-सासरे मे महिन्यात सांगलीहून पहिल्यांदाच अमेरिकेत येत आहेत. मुलांच्या शाळा सुटल्यावर त्यांना सोळा दिवस राष्ट्रीय उद्याने दाखवावीत आणि त्यासाठी आर.व्ही. (झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घ्यावी, असा आमचा विचार आहे. आम्ही एकूण सहा जण आहोत: मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासरे बहात्तर वर्षांचे असून त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे आणि रात्री दोन-तीन वेळा उठावे लागते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण मैल त्या सावकाश चालतात.

आर.व्ही.चा विचार मुख्यतः या दोघांमुळेच सुरू झाला. स्वच्छतागृह सतत जवळ राहील, सासूबाईंना घरचे जेवण मिळेल आणि रोज नव्या हॉटेलात सामान चढवण्या-उतरवण्याचा त्रास वाचेल, अशी आमची कल्पना आहे. आमच्यापैकी कोणीही आजवर मिनीव्हॅनपेक्षा मोठे वाहन चालवलेले नाही.

योजलेला मार्ग असा आहे. विमानाने लास व्हेगस, तेथे आर.व्ही. ताब्यात घेऊन झायन (दोन रात्री), ब्राइस कॅन्यन (एक), मोआब येथे मुक्काम करून आर्चेस (दोन), सॉल्ट लेक सिटी (एक), ग्रँड टिटॉन (दोन), यलोस्टोन (चार) आणि मग परत लास व्हेगस. नकाशावर हे साधारण दोन हजार मैल भरतात.

माझ्या शंका तीन आहेत. सहा जणांसाठी २५ फुटी गाडी पुरेल, की ३० फुटी घ्यावी? झायनच्या बोगद्यातून आर.व्ही. नेता येते का? आणि यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिज या तळावरील (आर.व्ही. उभी करून मुक्काम करण्याच्या ठिकाणावरील) जागा आमच्या तारखांना पूर्ण भरलेल्या दिसतात, तर मुक्काम कोठे करावा? ज्यांनी वडीलधाऱ्यांना घेऊन असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

घाटवाट:

तुमच्या पहिल्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. गाडीत झोपू किती जण शकतात हा एक, आणि चालत्या गाडीत पट्टा लावून बसू किती जण शकतात हा दुसरा. भाड्याने देणारे लोक पहिला आकडा ठळक छापतात. सर्वसाधारणपणे २५ फुटी 'क्लास सी' (चालकाच्या डोक्यावर माळा असलेल्या प्रकारच्या) गाडीत पाच जण झोपू शकतात आणि ३० फुटी गाडीत सात, त्यामुळे कागदावर तुम्हाला ३० फुटी गाडीच घ्यावी लागेल. मात्र त्या सातांतील दोन जागा चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यावर असतात आणि तेथे शिडीने चढावे लागते, तर दोन जागा जेवणाचे टेबल खाली पाडून केलेल्या पलंगावर असतात. मागचा पलंग सासू-सासऱ्यांना द्यावा लागेल, मुले हौसेने माळ्यावर जातील आणि तुम्ही दोघे रोज रात्री टेबल मोडून सकाळी ते पुन्हा उभे कराल.

मुलाच्या कारसीटचाही विचार आधीच करा. ती गाडीच्या दिशेला तोंड असलेल्या आणि पट्टा असलेल्या आसनावरच बसवावी लागते, आडव्या बाकावर चालत नाही. अशी आसने नेमकी किती आहेत, हे आरक्षणापूर्वी लेखी विचारून घ्या. आम्ही हे विचारले नव्हते. गाडी ताब्यात घेताना कारसीट बसेना, म्हणून माझ्या पत्नीला पहिल्या दिवशी मुलासह भाड्याच्या वेगळ्या मोटारीतून यावे लागले, आणि त्या मोटारीचे भाडे अर्थातच आमच्याच माथी आले.

झायनच्या बोगद्याविषयी सांगायचे, तर तो १९३० सालचा आहे, सव्वा मैलापेक्षा थोडा कमी लांबीचा आहे, आणि तो बांधला तेव्हा अशा गाड्या कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या. २०२५च्या नियमानुसार ज्या गाडीची उंची ११ फूट ४ इंच किंवा रुंदी आरशांसह ७ फूट १० इंच वा त्याहून अधिक आहे, तिला पंधरा डॉलर भरून परवाना घ्यावा लागतो. तुम्ही घ्याल ती कोणतीही क्लास सी गाडी या नियमात बसणारच. अशी गाडी बोगद्याच्या मधोमध चालवावी लागते, म्हणून रेंजर (उद्यानाचे रक्षक) समोरची वाहतूक थांबवून ठेवतात, आणि ही सोय दिवसाच्या ठरावीक वेळेतच असते. संध्याकाळी उशिरा ब्राइसकडे निघण्याचा बेत असेल, तर तो सोडून द्या.

दगडफूल:

माझे मत थोडे कडू वाटेल, पण यूटाच्या भागासाठी तुम्ही आर.व्ही. घेऊ नये. जूनच्या मध्यावर झायनच्या दरीत पारा ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि मोआबलाही तीच गत असते. आर.व्ही.च्या छतावरचा वातानुकूलक एकतर विजेच्या जोडणीवर चालतो किंवा जनरेटरवर. झायनच्या वॉचमन तळावर वीजजोडणीच्या जागा आहेत, पण जनरेटरला मनाई आहे, म्हणजे वीजजोडणी असलेली जागा मिळाली नाही तर दुपारभर सासरेबुवांना तापलेल्या पत्र्याच्या डब्यात बसवावे लागेल. ब्राइसला याच्या उलट परिस्थिती असते. दरीचा काठ आठ ते नऊ हजार फुटांवर असल्याने जूनमध्येही पहाटे स्वेटर लागतो, आणि उद्यानातील दोन्ही तळांवर वीजजोडणी नाही. शिवाय तेथील मुख्य कड्यावरच्या सज्जांजवळ बससेवेच्या वेळेत २३ फूट किंवा त्याहून लांब वाहन उभे करता येत नाही. आर्चेसला २०२५च्या नियमानुसार एप्रिल ते जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सकाळी सात ते दुपारी चार या वेळेत प्रवेशासाठी वेळेचे आरक्षण लागते, आणि तेथील बरेचसे सौंदर्य उन्हात चालत गेल्यावरच दिसते. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीसाठी मी तरी आर्चेस निवडणार नाही.

खर्चाचा हिशेबही एकदा मांडा. रात्रीच्या भाड्यावर प्रत्येक मैलाचा दर वेगळा, जनरेटरचा तासावर वेगळा, आणि भांडी व अंथरुणे घेतली तर त्यांचा वेगळा. ही गाडी एका गॅलनमध्ये आठ-दहा मैल जाते, म्हणजे तुमच्या दोन हजार मैलांना दोनशे गॅलनच्या वर इंधन लागेल. तळाचे भाडे निराळेच. "हॉटेलचा खर्च वाचतो" हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले आहे. परत आल्यावर तेच म्हणणारा मात्र अजून भेटलेला नाही.

रानजाई:

दोघांचेही मनापासून आभार. पट्ट्यांचा विचार आमच्या डोक्यात आलाच नव्हता. आर्चेस आम्ही वगळत आहोत. मात्र आर.व्ही. पूर्णपणे सोडून देण्याची मनाची तयारी होत नाही, कारण सासऱ्यांच्या रात्रीच्या अडचणीमुळे ते अनोळखी हॉटेलात झोपायला बिचकतात, आणि यलोस्टोनमध्ये चार दिवस सासूबाईंनी बर्गरवर काढावेत हे आम्हाला पटत नाही. केवळ टिटॉन आणि यलोस्टोनपुरती गाडी घेणे व्यवहार्य आहे का?

माजघर:

व्यवहार्य आहे, आणि आम्ही नेमके तेच केले होते. आमच्यासोबतही माझे आई-वडील होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आर.व्ही.ची खरी अडचण आकाराची नसून ती एकाच वेळी घर आणि वाहन असते, ही आहे. यलोस्टोनमधील मुख्य वळसा १४२ मैलांचा आहे, वेगमर्यादा ताशी ४५ मैल आहे, आणि रस्त्यावर बायसन (अमेरिकी गवे) आले की ती मर्यादाही नावापुरतीच उरते. गाडी तळावर लावून जोडण्या केल्या, की दुसऱ्या दिवशी फिरायला जाण्यासाठी पाणी-वीज सोडवा, मैलापाण्याचा पाइप काढा, कपाटे बंद करा, ओट्यावरचा चहाचा डबासुद्धा आत ठेवा, आणि मग ते अख्खे घर घेऊन मिडवे गीझर बेसिन या गरम झऱ्यांच्या ठिकाणच्या इवल्याशा वाहनतळावर जागा शोधा. सकाळी दहानंतर तेथे लहान मोटारीलाही जागा मिळत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की तुमची मिनीव्हॅन घरूनच घेऊन निघा. फ्रीमॉन्ट ते सॉल्ट लेक सिटी हे अंतर सुमारे साडेसातशे मैल आहे. वाटेत नेवाडात एल्कोला एक रात्र थांबले, तर वडीलधाऱ्यांनाही ते झेपते, आणि सहा जणांचे विमानभाडे वाचते. सॉल्ट लेकमध्ये दोन रात्री हॉटेलात राहा, शहर व्हॅनने पाहा, आणि आर.व्ही. शहरातून बाहेर पडण्याच्या दिवशीच ताब्यात घ्या. पुढे एकाने आर.व्ही. चालवावी आणि दुसऱ्याने व्हॅन. सासू-सासरे आणि मुले व्हॅनमध्ये बसतील, त्यामुळे पट्टे आणि कारसीट हा प्रश्नच उरत नाही. सहा जण झोपण्यासाठी गाडी मात्र ३० फुटीच घ्या. ती दिवसभर तळावर उभी राहणार असल्याने तिच्या लांबीचा जाच फक्त जाता-येताच होईल.

सॉल्ट लेकहून जॅक्सन (टिटॉनजवळचे गाव) पावणेतीनशे मैलांच्या आसपास आहे. नकाशा तुम्हाला आयडाहोतून टिटॉन खिंडीवरून जायला सुचवू शकतो, पण तो रस्ता घेऊ नका. तेथे दहा टक्क्यांचा उतार आहे आणि नवख्या माणसाने एवढे धूड घेऊन तो उतरणे शहाणपणाचे नाही. अल्पाइन गावावरून नदीकाठाने येणारा रस्ता सौम्य आहे. इतर उतारांवरही गिअर खालचा ठेवा, ब्रेकवर पाय रोवून बसू नका. टिटॉनमधील मूस-विल्सन या रस्त्यावर आर.व्ही.ना बंदी आहे. तेथे व्हॅनने जा, मूस (मोठ्या शिंगांचे हरीण) दिसण्याची शक्यता बरी असते.

फिशिंग ब्रिज हा यलोस्टोनमधील एकमेव तळ आहे जेथे पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या मिळतात. त्याची आरक्षणे वर्षभराहून अधिक आधी खुली होतात, म्हणून तो तुम्हाला भरलेला दिसतो. तरीही रोज सकाळी एकदा पाहत राहा, रद्द झालेल्या जागा सुटतात. त्याआधी टिटॉनमधील कोल्टर बे येथील आर.व्ही. पार्कमध्ये मिळतील तितक्या रात्री पकडून ठेवा. तेथेही तिन्ही जोडण्या आहेत आणि ओल्ड फेथफुल (गरम पाण्याचा प्रसिद्ध फवारा) साठेक मैलांवर येते. उरलेल्या रात्रींसाठी पश्चिम दरवाज्याबाहेर वेस्ट यलोस्टोन गावात खासगी तळ आहेत. तेथून ओल्ड फेथफुल तीस मैलांवर आहे आणि गावात किराणा, औषधे सगळे मिळते.

सासऱ्यांच्या दृष्टीने दोन गोष्टी. हा सगळा परिसर साधारण साडेसहा ते आठ हजार फुटांवर आहे, म्हणून पहिला दिवस मोकळा ठेवा, पाणी भरपूर प्यायला द्या, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. उद्यानात ओल्ड फेथफुल, लेक आणि मॅमथ येथे दवाखाने आहेत, तरी औषधांचा साठा दोन ठिकाणी विभागून ठेवा, कारण तुमच्याकडे दोन गाड्या असतील आणि हवी ती पिशवी नेहमी दुसऱ्या गाडीत असते.

घाटवाट:

ही योजना माझ्या सूचनेपेक्षा चांगली आहे. टाक्यांविषयी मात्र कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. संडासाची टाकी आणि मोरी-सिंकची टाकी वेगवेगळी असते. जोडणी असली तरी संडासाच्या टाकीची झडप बंदच ठेवावी आणि टाकी दोन-तृतीयांश भरल्यावर एकदम उघडावी. सतत उघडी ठेवली तर पाणी वाहून जाते आणि बाकीचे आत साचून घट्ट बसते. आधी संडासाची टाकी रिकामी करायची, मग सिंकची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. हातमोजे घाला. ज्येष्ठांना पहिल्याच दिवशी सांगा, की फ्लशला पाणी भरपूर सोडायचे, पण भांडी घासताना आणि अंघोळीला जपून वापरायचे. आपल्या घरातली सवय नेमकी उलट असते.

रानजाई:

कळवण्यास आनंद होतो, की माजघर यांच्या सूचनेप्रमाणे कोल्टर बे येथे तीन रात्री मिळाल्या, वेस्ट यलोस्टोनमध्ये तीन रात्री आरक्षित केल्या, आणि काल सकाळी फिशिंग ब्रिजची एक रात्र अचानक सुटलेली दिसली, तीही घेतली. मिनीव्हॅन घरूनच नेणार आहोत. झायन आणि ब्राइस दिवाळीत, आम्ही चौघेच जाऊ.

शेवटची शंका स्वयंपाकाची आहे. सासूबाई प्रेशर कुकर सांगलीहून आणू का असे विचारत आहेत. आर.व्ही.त कुकर चालतो का, की त्यांना नको सांगावे? फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो असेही ऐकले आहे.

माजघर:

अलार्म नक्की वाजतो. आम्ही घरूनच फोडणी करून बाटलीत भरून नेली होती, आणि ती सहा दिवस पुरली. जे तळायचे-परतायचे असेल ते बाहेरच्या टेबलावर करा, पण भांडी, तेल, खरकटे, अगदी रिकामे पातेलेसुद्धा लगेच आत न्या, कारण तो अस्वलांचा प्रदेश आहे आणि रेंजर तपासायला फिरतात. ३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॅट मिळतात. इंडक्शन शेगडी, वातानुकूलक आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी लावले, की वीज गेलीच म्हणून समजा. रात्रीच्या थंडीत वातानुकूलक तसाही लागत नाही.

कुकर मात्र जरूर आणायला सांगा, तीन लिटरचा. फिशिंग ब्रिज पावणेआठ हजार फुटांहून थोडे वरच आहे, आणि त्या उंचीवर पाणी ९२ अंशांना उकळते. आम्ही कुकरशिवाय गेलो होतो. तुरीची डाळ पावणेदोन तास शिजत होती, आणि शेवटी आईने ती तशीच कचकचीत वाढली.