१९१३ ची अमेरिकी ओपन गोल्फ स्पर्धा : फ्रान्सिस विमेट कसा जिंकला?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ):
आमच्या गावच्या वाचनालयातील मुलांना या स्पर्धेविषयी सांगायचे आहे. गोल्फचे मैदान आमच्यापैकी कोणीच पाहिलेले नाही. एका वीस वर्षांच्या हौशी खेळाडूने दोन नामवंत ब्रिटिश खेळाडूंना हरवले, ते नेमके कसे?

उत्तर १ :
ही स्पर्धा बोस्टनजवळच्या ब्रुकलाइन येथे झाली. विमेटचे घर मैदानासमोरच्या रस्त्यापलीकडे होते आणि लहानपणी तो तिथेच खेळाडूंच्या चेंडू मारण्याच्या काठ्या वाहत असे, त्यामुळे त्याला तिथली जमीन आपल्या शिवारासारखी ठाऊक होती. ७२ होलांनंतर (होल म्हणजे चेंडू ज्यात घालायचा तो खड्डा) विमेट, हॅरी वार्डन आणि टेड रे या तिघांचेही ३०४ फटके झाले. फटके जितके कमी, तितका खेळ सरस, हे मुलांना आधी सांगावे. बरोबरी सोडवण्यासाठी २० सप्टेंबरला, पावसाने भिजलेल्या मैदानावर, आणखी १८ होल खेळले गेले. त्यांत विमेटने ७२, वार्डनने ७७ आणि रेने ७८ फटके घेतले. वार्डनने तोवर ब्रिटिश ओपन पाचदा जिंकली होती!

उत्तर २ :
विमेटच्या काठ्या वाहणाऱ्या एडी लोअरीबद्दलही अवश्य सांगा. तो अवघा दहा वर्षांचा होता. निर्णायक फेरीसाठी त्याच्या जागी दुसरा माणूस घ्यावा असे सुचवले गेले, परंतु विमेटने ते मानले नाही. मला त्याच्या विजयाइतकाच हा निर्णयही मोठा वाटतो.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. एडी आमच्या चौथी-पाचवीच्या मुलांच्याच वयाचा होता, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करीन.