पीव्हीएस-५ नाइट व्हिजन गॉगल: काळे ठिपके, २.७ व्होल्टचा सेल आणि मुखवटा कापावा का?

काजवा_एनजे

नमस्कार मंडळी. अमेरिकी लष्कराचा जुना एएन/पीव्हीएस-५ गॉगल न्यू जर्सीत सरप्लसमध्ये मिळाला आहे. दोन्ही ट्यूब (उजेडाचे इलेक्ट्रॉन करून चित्र उजळ करणाऱ्या नळ्या) चालू होतात, चित्र बऱ्यापैकी स्वच्छ आहे. पण उजवीकडे सात-आठ काळे ठिपके आहेत. डावीकडे कडेशी एक उजळ ठिपका कायम दिसतो, आणि ती बाजू मधूनच लुकलुकते. मूळ २.७ व्होल्टचा सेल कुठेच मिळत नाही. मुखवटा सगळा चेहरा झाकतो, पाच मिनिटांत काचांवर वाफ धरते आणि आत चष्मा बसत नाही. मुखवट्याचा खालचा भाग कापून टाकावा का? ट्यूब बदलावी लागेल का? आणि डिसेंबरात पुण्याला येताना हा सोबत आणता येईल का?

तिसरा_प्रहर

आधी शेवटचा प्रश्न. आणू नका. नाइट व्हिजन अमेरिकेबाहेर न्यायला तिथल्या सरकारचा निर्यात परवाना लागतो. वस्तू जुनी आहे, सरप्लसमधली आहे, म्हणून सूट मिळत नाही. बॅगेत टाकून नेणं हा तिथे गंभीर गुन्हा आहे.

आता ठिपके. काळा ठिपका ट्यूबमध्ये आहे की बाहेरच्या धुळीचा, हे पाहायला डोळ्याकडच्या भिंगाची कडी हळूहळू फिरवा. ठिपका कडीबरोबर फिरला तर धूळ त्या भिंगावर आहे. जागचा हलला नाही, तर तो ट्यूबमध्ये किंवा ट्यूबच्या मागच्या तोंडावर आहे. हे मागचं तोंड काचतंतूंचं असतं आणि डोळ्याकडचं भिंग नेमकं त्याच पृष्ठभागावर फोकस होतं. त्यामुळे तिथे बसलेला धुळीचा कणही अगदी रेखीव दिसतो आणि लोक उगाच ट्यूब बिघडली असं समजतात. पुढच्या भिंगावरची धूळ मात्र ठिपका म्हणून दिसत नाही, फार तर चित्र थोडं मळकट होतं. ट्यूबमधले खरे काळे ठिपके बहुतेक वेळा तयार होतानाच राहिलेले असतात. ते वाढत नसतील आणि मधोमध नसतील तर सोडून द्या.

उजळ ठिपक्याकडे लक्ष हवं. पुढच्या भिंगांच्या टोप्यांना दिवसा तपासणीसाठी बारीक भोक असतं, त्यावर काळी चिकटपट्टी लावा. पूर्ण अंधाऱ्या खोलीत जा, टोप्या तशाच ठेवून गॉगल एक मिनिट चालू ठेवा. प्रकाशाचा कणही आत जात नसताना ठिपका तसाच पेटलेला राहिला, तर तो ट्यूबचा दोष आहे: त्या जागेवरून इलेक्ट्रॉन आपोआप सुटत आहेत. टाचणीच्या टोकाएवढा आणि कडेला असेल तर ट्यूब पुष्कळ दिवस चालेल. पण दर महिन्याला हीच चाचणी करून मोबाइलने फोटो काढून ठेवा. ठिपका पसरत असेल किंवा त्याच्याभोवती धूसर वलय वाढत असेल तर ती बाजू कमी वापरा.

लुकलुकण्यासाठी लगेच ट्यूबला दोष देऊ नका. सेलच्या कप्प्यातले संपर्क पेन्सिलच्या खोडरबराने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मूळ सेल पाऱ्याचा होता. १.३५ व्होल्टचे दोन घटक मिळून २.७, म्हणून तो विचित्र आकडा. पाऱ्याच्या सेलचा विद्युतदाब शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून लष्कराला तो आवडायचा. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने असे सेल बाजारातून गेले. त्यांच्या जागी ३ व्होल्टचा लिथियम सेल चालतो. बाहेरून सेलची डबी जोडणार असाल तर १.५ व्होल्टचे दोन साधे सेल पुरतात. ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा रिचार्जेबल सेल अजिबात लावू नका. ध्रुव उलटे झाले तर ट्यूबभोवतीचं हाय व्होल्टेजचं सर्किट जाऊ शकतं, म्हणून आधी मल्टिमीटर लावून खात्री करा. ते सर्किट रेझिनमध्ये घट्ट बसवलेलं असतं आणि आत हजारो व्होल्ट तयार होतात. ते उकरायला जाऊ नका.

भिंगवाला

मुखवट्याबद्दल. पीव्हीएस-५ मुळात जमिनीवरच्या सैनिकासाठी बनला. दोन १८ मिमीच्या ट्यूब, मोठेपण १ पट, दृष्टिक्षेत्र ४० अंश, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. चेहरा झाकायचं कारण साधं आहे: डोळ्याकडच्या भिंगातून हिरवा उजेड बाहेर पडतो, तो चेहऱ्यावर पसरला तर समोरच्याला माणूस दिसतो. पायदळाला हे पटलं. मग तोच गॉगल हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना दिला आणि अडचण झाली. एप्रिल १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांच्या सुटकेसाठी निघालेल्या अमेरिकी हेलिकॉप्टरांचे वैमानिक हेच गॉगल लावून उडाले होते.

वैमानिकाला बाहेरचं दूरचं दिसायला हवं आणि हाताच्या अंतरावरची उपकरणंही वाचायला हवीत. या गॉगलचा फोकस २५ सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत जातो, पण एका वेळी एकाच अंतरावर. मुखवट्यामुळे नजर खाली टाकून उघड्या डोळ्यांनी उपकरणं वाचायची सोय नव्हती. म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी लष्करानेच मुखवट्याचा खालचा आणि बाजूचा भाग कापलेली आवृत्ती काढली. ती हेल्मेटला वेल्क्रो आणि शस्त्रक्रियेच्या रबरी नळीने बांधायचे, आणि मानेवरचा ताण कमी करायला हेल्मेटच्या मागे वजनाची पिशवी लावायचे. पुढे वैमानिकांसाठीचा एएन/एव्हीएस-६ गॉगल आला तो पहिल्यापासून हेल्मेटवर उचलून ठेवता येणारा आणि डोळ्यांपासून थोडा दूर राहणारा.

म्हणजे तुमच्या कल्पनेला लष्कराचाच दाखला आहे. तरीही माझं मत: मूळ मुखवटा कापू नका. पूर्ण मुखवटा शाबूत असलेले नग दिवसेंदिवस कमी होत आहेत. मुखवटा काढून, सगळे स्क्रू एका डबीत घालून वेगळा ठेवा आणि दुर्बिणीचा भाग साध्या हेडगिअरवर (डोक्यावर बांधायच्या पट्ट्यांवर) बसवा. वाफेचा आणि चष्म्याचा प्रश्न तिथेच मिटतो. तसंही डोळ्याकडची कडी +२ ते −६ डायॉप्टरपर्यंत फिरते. जवळचा किंवा दूरचा साधा नंबर असेल तर चष्मा लागणारच नाही, सिलिंडरचा नंबर असेल तर मात्र लागेल. आतला फोम हाताला लागून भुकटी होत असेल तर तो खरवडून बंद छिद्रांचा नवा फोम लावा. ती भुकटी भिंगावर जाऊ देऊ नका, चिकट असते.

अंधारकोठी

एक भर. वर ‘काचतंतूंचं तोंड’ आलं, ते का आहे हे कळलं तर हा गॉगल जास्त आवडेल. व्हिएतनाम युद्धातल्या पीव्हीएस-२ स्टारलाइट स्कोपमध्ये (रात्रीच्या दुर्बिणीत) उजेड वाढवणारे एकामागे एक तीन टप्पे होते. प्रत्येक टप्पा चित्र उलटं करायचा. पुढचं भिंग एकदा आणि टप्पे तीनदा, मिळून चार वेळा उलट, म्हणजे शेवटी चित्र सुलट. पण नळी इतकी लांब झाली की ती रायफलीवर बसायची, डोळ्यांवर नाही. नाइट व्हिजनच्या दुसऱ्या पिढीत मायक्रोचॅनल प्लेट आली: सुमारे अर्धा मिमी जाडीची काचेची चकती, तिला लाखो आरपार बारीक छिद्रं. एक इलेक्ट्रॉन छिद्राच्या भिंतीवर आपटत जातो आणि बाहेर हजारो पडतात. तीन टप्प्यांचं काम एका चकतीत झालं म्हणून गॉगल चेहऱ्यावर आला. पण ही प्लेट चित्र उलटं करत नाही, भिंग मात्र करतं. म्हणून शेवटी काचतंतूंची जुडी १८० अंशांत पिळून बसवली आहे. चित्रात कधी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी फिकट जाळी दिसली तर ती ट्यूबच्या रचनेमुळेच दिसते. तो बिघाड नाही.

काजवा_एनजे

संपर्क घासले, लुकलुकणं थांबलं. कडी फिरवली तर आठपैकी पाच ठिपके फिरले, म्हणजे धूळ. उजळ ठिपका अंधारातही आहे, टाचणीच्या टोकाएवढा. मुखवटा उतरवून ठेवला. भिंगावरची धूळ कशाने काढू?

तिसरा_प्रहर

आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ कुंचला. एवढ्याने गेली नाही तरच भिंगाच्या कागदावर अल्कोहोलचा एक थेंब घेऊन मधून कडेकडे गोल पुसा. थेंब थेट काचेवर टाकू नका, कडेने आत उतरतो. ठेवताना सेल काढून, टोप्या लावून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवा.