'नो' म्हणजे जाणणे: यातला 'के' गेला कुठे?

अक्षरवेडी:
मुलगी सातवीत आहे. स्पेलिंग पाठ करताना तिने विचारलं, "के, एन, ओ, डब्ल्यू… के म्हणायचाच नाही, तर लिहायचा कशाला?" 'सायलेंट आहे' एवढ्यावर तिची बोळवण करायची नाहीये. हा 'नो' आणि नकाराचा 'नो' उच्चारात सारखेच का? आणि 'आय ॲम नोइंग' का चालत नाही?

जुनी_पोथी:
छान विचारलंय लेकीने. दोन्ही 'नो' अगदी सारखे. फक्त 'ओ'वर थांबू नका, शेवटी ओठ 'उ'कडे वळू द्या. 'नॉलेज'मध्ये मात्र 'नॉ' होतो, 'नोलेज' म्हणू नये.

आता 'के'. तो मुका जन्मला नव्हता. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद 'क्नावन' होतं आणि 'क'चा उच्चार स्पष्ट व्हायचा. कॅक्सटनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना काढला, तेव्हाही लोक तो उच्चारत होते. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, आणि सतराव्या शतकाच्या सुमारास बोलण्यातून 'क' गळाला. नाइफ, नी, नॉट (गाठ), सगळ्यांची हीच कथा. जर्मन माणूस गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतो, 'क' खणखणीत.

पण मला खरं सांगायचंय ते पुढेच. हा 'क' आपल्या घरचा आहे! संस्कृत 'ज्ञा', 'जानाति', आपलं 'जाणणे', ग्रीक 'ग्नोसिस' आणि हे इंग्रजी क्रियापद, सगळी एकाच धातूची लेकरं. मूळचा 'ग' जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, 'क' झाला (हा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडला) आणि संस्कृतात 'ज' झाला. गुडघ्याचंही तेच बघा: तिकडे 'क्नी', इकडे 'जानु'. आजानुबाहू म्हणतो ना, त्यातला. मुलीला 'ज्ञान' मोठ्याने म्हणायला सांगा. आपण 'द्न्यान' म्हणतो, हिंदीवाले 'ग्यान'. लिहिलेला 'ज' दोघांच्याही तोंडी नीट उरलेला नाही. इंग्रजांना कशाला नावं ठेवायची!

'नोइंग'चं थोडक्यात: माहीत असणं ही स्थिती आहे, चालू असलेली क्रिया नव्हे. म्हणून 'आय नो'. ओळख हळूहळू वाढत असेल तर 'आय ॲम गेटिंग टू नो हिम' बिनधास्त म्हणा.

प्रश्नोपनिषद:
मग 'मला पोहता येतं' याला 'आय नो स्विमिंग' का नको? आमच्याकडे सर्रास म्हणतात.

जुनी_पोथी:
'आय नो हाउ टू स्विम' म्हणा, नाहीतर सरळ 'आय कॅन स्विम'. गंमत म्हणजे 'कॅन'सुद्धा त्याच धातूतून आलंय, त्याचा जुना अर्थच 'जाणणे' होता.

अक्षरवेडी:
आणि 'त्याला मी ओळखते' आणि 'मला ते माहीत आहे', दोन्हींना एकच क्रियापद?

जुनी_पोथी:
हो, पण पूर्वी दोन होती. जर्मनमध्ये अजून आहेत: माणूस ओळखायला 'केनेन', गोष्ट माहीत असायला 'विसेन'. इंग्रजीतही 'विटन' होतं, आपल्या 'विद्'चं, म्हणजे 'वेद' शब्दाचं भावंड. ते मागे पडलं आणि त्याचं कामही या 'नो'कडे आलं. 'विटनेस' म्हणजे साक्षीदार, त्यात ते अजून दिसतं. मुलीला हाही शब्द दाखवा, याच्या स्पेलिंगमध्ये मुकं अक्षर नाही.