स्लॅब पडायच्या आत ठरवायचंय: नेटची केबल टाकू की मेश (एकमेकांना जोडलेले वायफायचे डबे) पुरे?

घरधनी_सातारा
घराचं काम चालू आहे, तळमजला आणि वर दोन. पुढच्या आठवड्यात दुसरा स्लॅब. वायरमन म्हणतो, "साहेब, आता केबल कोण टाकतं? सगळं वायफायवर चालतं." मला ते पटत नाही. सळई आणि काँक्रीटमधून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल खालच्या मजल्यावर येईतो त्यात काही राम उरत नाही. वेगळा पाईप आत्ता टाकला तर किरकोळ खर्च, टाइल्स बसल्यावर झिरी मारायची म्हणजे घरात महाभारत. माझा बेत: प्रत्येक खोलीत कॅट-६ (नेटची तांब्याची केबल), सगळ्या केबल जिन्याखालच्या पेटीत, तिथे गिगाबिट स्विच (त्या सगळ्या जोडणारा १००० एमबीपीएसचा डबा). कोणाचा विरोध आहे?

मेशवाला
माझा. प्लॅन किती एमबीपीएसचा घेणार? शंभर-दोनशे. फोरके पिक्चरला २५ एमबीपीएसही भरपूर होतात. मोबाईल आणि टॅबला केबल लावायला भोकच नसतं, मग खोल्याखोल्यांतून ती ओढायची कोणासाठी? आमच्याकडे मेशचे तीन डबे आहेत, सासूबाईंची मालिका गच्चीच्या दारापर्यंत अडकत नाही. उरलेल्या पैशांत किचनला एक ट्रॉली वाढवा, घरात दुवा तरी मिळेल.

क्रिंपर
मेशवाले, तुमचा जिना मोकळा असणार, डब्यांना एकमेकांचा सिग्नल त्यातूनच मिळतोय. जिना बंदिस्त असला की खेळ संपला. शिवाय डबा ज्या रेडिओवर मोबाईलशी बोलतो त्याच रेडिओवर मागच्या डब्याशीही बोलत असेल, तर दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. मेश खुशाल ठेवा, पण डबे केबलने जोडा.

घरधनी, केबल घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. कॅट-६ छापलेला ३०५ मीटरचा बॉक्स फारच स्वस्त मिळाला तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असू शकतं. टोक सोलून तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर बॉक्स परत. ती तार ठिसूळ असते, आयओला (भिंतीतल्या नेटच्या सॉकेटला) पंच करताना तुटते. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली की लिंक बऱ्याचदा गुपचूप १०० वर येते, आणि आपण कंपनीच्या कस्टमर केअरशी भांडत बसतो.

कौलारू
कोकणातून लिहितोय, मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात. वळवाच्या पावसात वीज जवळपास कुठे पडली तरी तांब्याच्या लांब केबलमधून झटका आत येतो. गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या केबलने आमचा स्विच आणि रेकॉर्डर दोन्ही गेले. मजल्यामजल्यांत फायबर टाका. काचेतून करंट जात नाही.

क्रिंपर
मुद्दा रास्त आहे, पण फायबरमधून पीओई (नेटच्या केबलमधूनच दिलेली वीज) जात नाही. छताला ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावला तर त्याची वीज कुठून आणणार? मजल्यांमध्ये फायबर आणि मजल्यावर तांबं करायचं तर प्रत्येक मजल्याला वेगळा स्विच आला, त्याची वीज आणि बॅकअपही आला. साताऱ्यातल्या तीन मजल्यांना मला हे जास्त वाटतं. गच्चीच्या लाईनला झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर लावा, अर्थिंग नीट करून घ्या.

मेशवाला
म्हणजे मेश हवंच, फक्त केबल लावून! मग मजल्याला एक केबल पुरे की. बेडरूम, देवघर, स्टोअररूम सगळीकडे कशाला?

क्रिंपर
देवघर सोडा. टीव्हीची भिंत, कामाचं टेबल आणि प्रत्येक मजल्याचं छत एवढं नक्की करा. कॅट-६ वर ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट जातं, घरातली लांबी त्याच्या आतच असते. केबल कमी टाका, पाईप जास्त टाका. पंचवीस एमएमचा, लाईटच्या पाईपपासून लांब. लाईटच्याच पाईपातून नेटची केबल अजिबात नको, वायरमन कितीही गळ घालू दे.

घरधनी_सातारा
मेशवाल्यांचं अर्धं ऐकतो, बेडरूमला नुसता पाईप आणि ड्रॉ वायर (नंतर केबल ओढायची तार). कौलारूंच्या फायबरसाठी जिन्याच्या डक्टमध्ये एक पाईप रिकामा. आता भांडण वायरमनशी: त्याने कोपऱ्यांना एल्बो (काटकोनी जोड) आणलेत. त्यातून केबल ओढली जाईल का?

कौलारू
नाही. लांब बेंड मागवा, आणि काँक्रीट ओतायच्या आधी प्रत्येक पाईपमधून स्प्रिंग फिरवून बघा. पाईपच्या तोंडांना बोळे कोंबा, नाहीतर आत सिमेंटचं पाणी जाऊन बसेल.