एमएक्स-५ वरून एक्झोसेट: डोनर कोणता घ्यावा, आणि आयव्हीएत गाड्या कशावर अडकतात?

लेस्टरकर
नमस्कार मंडळी. इथे ब्रिटनमध्ये जुन्या माझदा एमएक्स-५ चे भाग वापरून एक्झोसेट ही कीट कार बांधायची आहे. कीटचे पैसे अजून भरलेले नाहीत, आधी डोनर, म्हणजे जिचे भाग काढायचे ती गाडी, बघतोय. गॅरेज एका गाडीचं, ४.९ बाय २.४ मीटर. वेल्डिंग येत नाही, पण पाने चालवता येतात.

१.६ लिटर इंजिनाची घ्यावी की १.८? गंजून एमओटी (इथली वार्षिक तपासणी) नापास झालेली चालेल का? कुठले भाग नवेच टाकायचे? आयव्हीएत (रस्त्यावर येण्याआधीच्या मंजुरीची चाचणी) घरी बांधलेल्या गाड्या नेमक्या कशावर नापास होतात? आणि ही गाडी पुढेमागे पुण्याला नेता येईल का?

चार_आटे
उलट गंजलेलीच घ्या. पहिल्या पिढीची एमएक्स-५ मागच्या चाकांच्या पुढे, दाराखालच्या सिलमध्ये कुजते आणि तिथेच एमओटीला अडकते. तो सांगाडा तुम्ही टाकूनच देणार, मग त्याच्या गंजाचं काय घेऊन बसायचं! तुम्हाला हवेत ते भाग म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, दोन्ही सबफ्रेम (खालच्या चौकटी), विशबोन (चाकं धरणारे हात), ब्रेक, टाकी, स्टिअरिंग कॉलम आणि अख्खं वायरिंग हार्नेस. गाडी मात्र चालू हवी. सगळे गिअर पडतात का, गरम झाल्यावर पाणी कमी होतं का, हे चालवल्याशिवाय कळत नाही.

१.६ घेत असाल तर क्रँकशाफ्टचं नाक (पुली बसते ते टोक) तपासा. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत ते आखूड होतं. पुलीच्या मधल्या भागात ४ खाचा दिसल्या तर आखूड, ८ दिसल्या तर लांब. आखूड नाकाचा बोल्ट कधीतरी नीट आवळला गेला नसेल तर आतली चावी खाच झिजवते, पुली डुलायला लागते आणि टायमिंग सरकतं. इंजिन आयडलवर ठेवून पुलीकडे बाजूने बघा. डुलत असेल तर ते इंजिन घेऊ नका.

व्ही५सी (गाडीचं नोंदणीपत्र) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. कॅटेगरी ए किंवा बी मध्ये मोडीत काढलेली गाडी नको. एकाच डोनरचे किमान दोन मुख्य भाग आणि कीटवाल्याची नवी चासी, असा हिशेब कागदावर दाखवता आला तर डोनरच्या वयाचा नोंदणी नंबर मिळतो. डोनरची ओळख सिद्ध झाली नाही तर क्यू नंबर, आणि विकताना तो नडतो. कीटचं बिल, डोनरचं बिल, दोन्ही जपून ठेवा.

आता उघडणं. पेट्रोल पंपाचा रिले काढून इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेल, मग लाइनमध्ये दाब राहत नाही. बॅटरी डिकीत आहे, ती त्यानंतर सोडवा. प्रत्येक कनेक्टरला मास्किंग टेपची चिठ्ठी लावा, दोन्ही अर्ध्यांवर एकच नाव. हार्नेसमधली एकही वायर कापू नका. जास्तीच्या वायरा गाडी चालू झाल्यावर काढता येतात, कापलेली वायर शोधण्यात मात्र दिवस जातात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलला जोडणारी लांब अ‍ॅल्युमिनियमची चौकट, पीपीएफ, सांगाडा उचलेपर्यंत अजिबात सोडवू नका. ती जागेवर असेल तर दोन्ही सबफ्रेमसकट सगळं खालचं अंग एकसंध चाकांवर उभं राहतं आणि सांगाडा वरून उचलता येतो. त्यासाठी सहा-सात माणसं बोलवा, किंवा चेनब्लॉक लावा.

सगळ्यात जास्त छळतात ते खालच्या विशबोनचे लांब कॅम बोल्ट. बुशमधल्या (रबरी सांध्यातल्या) लोखंडी नळीत ते गंजून एकजीव होतात. आठवडाभर रोज पेनिट्रेटिंग तेल मारा. तरी फिरत नसतील तर पान्याला पाइप लावून जोर करू नका, सबफ्रेमचे कान वाकतील. बुशच्या दोन्ही बाजूंना करवत घालून बोल्ट कापा. आठही कॅम बोल्ट आणि बुश नवे मागवून ठेवा, कारण पुढे अलाइनमेंट त्यांच्यावरच होते.

नवं काय टाकायचं: टायमिंग बेल्ट, त्याचे टेन्शनर, पाण्याचा पंप, क्लच प्लेट, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (या गाडीत तो गळतोच), सगळे रबरी होज, ब्रेकचे लवचिक पाइप. हे सगळं इंजिन उघडं असताना काही तासांत होतं.

कानस_पॉलिशपेपर
आयव्हीएबद्दल. बहुतेक जण गाडी पूर्ण झाल्यावर नियमावली उघडतात आणि तिथेच फसतात. एक्झोसेटला बॉडी जवळपास नाहीच, नळ्या आणि ब्रॅकेट उघडे, त्यामुळे बाहेरच्या धारांचा नियम तिला सगळ्यात जड जातो. १०० मिमी व्यासाचा गोळा बाहेरून जिथे जिथे टेकेल तिथली कड किमान २.५ मिमी त्रिज्येची गोल हवी. ५ मिमी ड्रिल बिटाचा दांडा शेजारी धरून बघा, तेवढी गोलाई पाहिजे. म्हणून प्रत्येक ब्रॅकेट रंगाला जाण्यापूर्वी कानशीने गोल करा. पावडर कोटिंग झाल्यावर घासलंत तर पुन्हा कोटिंगचा खर्च. बोल्टांच्या टोकांवर टोप्या, पत्र्याच्या कडांना रबरी पट्टी. रबर मऊ असेल, शोअर ए मापावर ६० पेक्षा कडक नसेल, तर त्याला हा नियम लागत नाही. पण पट्टी हाताने ओढून निघता कामा नये.

दिवे: डिप्ड बीम (हेडलाइटचा खालचा झोत) जमिनीपासून किमान ५०० मिमी आणि गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४०० मिमीच्या आत. मागचा फॉग दिवा मध्यभागी किंवा ड्रायव्हरच्या बाजूला. सगळ्यांवर ई-मार्क (मान्यतेची खूण) हवा.

स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवलं की नापास. जास्त दाखवायला १० टक्के अधिक ६.२५ मैल एवढी मोकळीक आहे, म्हणजे खऱ्या ५० ला ६१.२५ पर्यंत. मूळ १८५/६०-१४ टायरचा व्यास साधारण ५७८ मिमी, १९५/५०-१५ चा ५७६. ते निर्धास्त घ्या. २०५/५०-१५ चा ५८६ होतो आणि काटा दीड टक्का मागे पडतो. जपानहून आलेल्या युनोसचा (एमएक्स-५ चं तिथलं नाव) काटा किलोमीटरमध्ये असतो, तो मैलाचा करून घ्या.

आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल, सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, कमाल शक्तीच्या आरपीएमच्या तीन चतुर्थांशावर. ११५ पीएसच्या १.६ ला ६५०० धरून ४८७५.

स्टिअरिंग सोडलं की ते सरळ व्हायला लागलं पाहिजे. हलक्या गाडीत ते आळसावतं. कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे कल) ५ अंशांच्या आसपास ठेवा. पॉवर स्टिअरिंगचे पाइप नुसते एकमेकांना जोडून मोकळे होऊ नका. रॅकमधल्या (चाकं वळवणाऱ्या दांडीतल्या) पिस्टनचं सील तसंच राहतं आणि स्टिअरिंग जड होतं. एकतर साधा रॅक घ्या, नाहीतर सील काढा. विंडस्क्रीन नसेल तर वायपर, वॉशर, डीमिस्टर लागत नाहीत, तेवढं काम वाचतं.

टॉर्सेन
१.८ ची बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून. मोठे पुढचे ब्रेक, ७ इंची डिफरन्शिअल, आणि पुष्कळ गाड्यांत टॉर्सेन (एक चाक घसरलं तर दुसऱ्याला जोर देणारं डिफरन्शिअल). हलक्या गाडीत वळणातून बाहेर येताना आतलं चाक उगाच फिरत राहतं, तिथे टॉर्सेनचा फरक लगेच कळतो. १.६ घेणार असाल तर एवढं बघा: १९९५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये आलेली स्वस्त १.६ सुमारे ९० अश्वशक्तीची आहे, आधीची ११५ ची. नाव तेच, जीव कमी.

चार_आटे
डिफरन्शिअलचं मान्य. पण उत्सर्जनाचं गणित १.६ च्या बाजूने आहे. इंजिन १ ऑगस्ट १९९२ पूर्वीचं असल्याचं सिद्ध केलं तर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३.५ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) १२०० पीपीएमपर्यंत चालतं. ऑगस्ट १९९५ नंतरच्या इंजिनाला कॅटॅलिस्टची पूर्ण चाचणी, लॅम्ब्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) ०.९७ ते १.०३ च्या आत. एग्झॉस्टच्या सांध्यातून जराशी हवा शिरली तरी लॅम्ब्डा बिघडतो. म्हणून १९९१ च्या उत्तरार्धापासून जुलै १९९२ पर्यंतची १.६ शोधा. लांब नाकाचा क्रँक आणि सैल मर्यादा, दोन्ही मिळतात.

लेस्टरकर
मग तीच शोधतो. ब्रेकच्या नळ्या स्वतः करणार आहे, त्यात काय चुकतं? हँडब्रेकही अडकतो असं वाचलंय.

कानस_पॉलिशपेपर
नळी तांबे-निकेलची, ३/१६ इंची. नट एम१० बाय १, आणि तोंड डबल फ्लेअरचं (कड आत दुमडून दुहेरी केलेलं). इथल्या स्वस्त हत्यारांनी बबल फ्लेअर (एकेरी फुगीर तोंड) सहज होतो. तो या जपानी फिटिंगमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि दाब आला की पाझरतो. नट आधी नळीत ओवा, मग तोंड करा. क्लिप २०० ते ३०० मिमीवर.

हँडब्रेकसाठी केबल ताणू नका. मागच्या कॅलिपरच्या पाठीवर १४ मिमीचा बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिमी एलन कीचा स्क्रू दिसतो. घड्याळाच्या दिशेने चाक जाम होईपर्यंत आवळा, मग एक तृतीयांश फेरा सैल करा. दोन्ही बाजूंना सारखं. केबल शेवटी. कॅलिपरच्या स्लाइड पिना अडकल्या असतील तर हे करूनही दोन चाकांत फरक येतो, म्हणून आधी त्या साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा.

कोथरूड_ते_केंट
पुण्याचं थोडक्यात: कायमची नेऊन पासिंग करायचा विचार सोडा. जुन्या गाडीच्या आयातीला निर्मितीपासून ३ वर्षांची मर्यादा आहे आणि ही कागदावर १९९२ ची दिसेल. तिकडेच बांधायची म्हटली तर मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमाने उत्पादकाला प्रोटोटाइपची चाचणी द्यावी लागते, पुण्यात ती एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत होते. एका हौशी गाडीसाठी ते परवडणारं नाही. चालू गाडी बदलून कीट करायला कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

रस्त्यावर आल्यानंतरचं एक: मूळ एमएक्स-५ साडेनऊशे किलोच्या आसपास, ही तिच्यापेक्षा खूपच हलकी. मूळ स्प्रिंगवर ती उंच उभी राहते आणि खडबडीत रस्त्यावर उड्या मारते. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र) लावा, आणि टायरमध्ये १८ ते २० पीएसआयपासून सुरुवात करा. सगळे नायलॉक (नायलॉनच्या कड्याचे) नट एकदाच वापरायचे. आवळून झालेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढा आणि पहिल्या १०० मैलांनंतर टॉर्क रेंच घेऊन चाकांपासून सबफ्रेमपर्यंत पुन्हा एक फेरी मारा. चाकांचे नट ८८ ते ११८ न्यूटन मीटर.