पार्ट टाइम बाइक डिलिव्हरी: किलोमीटरच्या हिशेबाने आयकरात सूट मिळते का?

मानखुर्दचा_स्प्लेंडर

नोकरीचा पगार महिना ४५,००० (फॉर्म १६ मिळतो, पगारातून कर कापत नाहीत). शिवाय संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी चेंबूर-घाटकोपर पट्ट्यात फूड डिलिव्हरी. २०२५-२६ मध्ये अ‍ॅपकडून एकूण १,८०,००० झाले, त्यातून १,८०० टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) गेला. बाइक माझ्याच नावावर. वर्षाचे १२,००० किमी, त्यातले ९,००० डिलिव्हरीचे. किलोमीटरमागे ठरावीक रुपये लावून सूट घेता येते असं एका व्हिडिओत होतं. हा दर किती? फॉर्म कुठला? पेट्रोलच्या सगळ्या पावत्या नाहीत.

घसारा_आणि_वजावट

व्हिडिओ बहुधा ब्रिटनचा असणार. तिथे मोटारसायकलला मैलामागे २४ पेन्स असा ठरलेला दर आहे. आपल्याकडे स्वतःचं काम करणाऱ्याला असा दर नाही. अ‍ॅपवाले तुम्हाला पगार देत नाहीत, कंत्राटाचे पैसे देतात, म्हणून टीडीएस आयकर कायद्याच्या कलम १९४सी खाली १ टक्का कापला गेला. ही रक्कम तुमचं धंद्याचं उत्पन्न. ती धरण्याचे मार्ग दोन.

पहिला, प्रत्यक्ष खर्च वजा करणे. फॉर्म आयटीआर-३. तुमचे आकडे घेऊन बघू. डिलिव्हरीचा वाटा ९,००० भागिले १२,०००, म्हणजे ७५ टक्के. ४५ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर २०० लिटर, लिटरला १०३.५० ने २०,७००. सर्व्हिसिंग, ऑइल, टायर मिळून समजा ८,०००, त्याचे ७५ टक्के ६,०००. विमा १,६०० मधले १,२००. मोबाइल रिचार्ज ३,६००, अर्धा धरा, १,८००. बाइकची पुस्तकी किंमत (आधीचा घसारा जाऊन उरलेली) ८०,००० असेल तर १५ टक्के घसारा, म्हणजे झिजेची वार्षिक वजावट, १२,०००, त्यातले ९,०००. बेरीज ३८,७००, नफा १,४१,३००. बाइक याच वर्षी घेतली असेल आणि १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल, तर घसारा निम्माच.

दुसरा मार्ग कलम ४४एडी, म्हणजे छोट्या धंद्याचं उत्पन्न ठरावीक टक्क्याने धरणे. फॉर्म आयटीआर-४. पैसे बँकेतून आले असतील तर जमेच्या किमान ६ टक्के उत्पन्न मानायचं. तुमच्या बाबतीत १०,८००. पावत्या नकोत, वह्या नकोत. मात्र पेट्रोल किंवा घसारा यातून पुन्हा वजा होत नाही, तो ९४ टक्क्यांत आला असं कायदा धरतो.

सहा_टक्क्यांवर_आक्षेप

‘किमान’ शब्दाकडे नीट बघा. हातात खरोखर १,४१,३०० उरलेत आणि कागदावर १०,८००, हे चांगलं दिसत नाही. आयटीआर-४ मध्येच ६ टक्क्यांपेक्षा जास्त आकडा टाकता येतो, त्यासाठी पावत्या जोडाव्या लागत नाहीत.

आणि तुमच्या बाबतीत कमी दाखवून मिळणार काय? पगार ५,४०,०००, वजा ७५,००० प्रमाणित वजावट, उरले ४,६५,०००. त्यात १,४१,३०० मिळवले की ६,०६,३००. नव्या करप्रणालीत कर बसतो १०,३१५ आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए ची सूट असल्याने तो पूर्ण माफ. १०,८०० दाखवले तरी शून्य, १,४१,३०० दाखवले तरी शून्य. १,८०० चा परतावा दोन्हीकडे तोच. उद्या कर्जाला गेलात की बँक रिटर्नमधलंच उत्पन्न बघणार, तेव्हा १०,८०० वाला आकडा नडतो.

जुन्या प्रणालीत सूट फक्त ५ लाखांपर्यंत. धंद्याचं उत्पन्न असताना जुनी प्रणाली घ्यायची तर आधी १०-आयईए फॉर्म भरावा लागतो. तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

मानखुर्दचा_स्प्लेंडर

म्हणजे पावत्यांची भानगडच नाही, बरं झालं. पण पुढच्या वर्षी खर्च वाढला आणि प्रत्यक्ष खर्चाकडे वळायचं झालं तर? बाइकचा हप्ता, ई-चलन हे धरतात का?

घसारा_आणि_वजावट

हप्त्यातलं फक्त व्याज, तेही ७५ टक्के. मुद्दल नाही, ते घसाऱ्यातून येतं. ई-चलन अजिबात नाही. कायदा मोडल्याचा दंड धंद्याचा खर्च धरत नाहीत, मग तो ऑर्डर पोचवताना नो एंट्रीत शिरल्याचा का असेना. रेनकोट, बॅग, फोन होल्डर चालतात.

वळण्यापूर्वी एक अट समजून घ्या. ४४एडी घेतल्यावर पुढच्या पाच वर्षांत कधी ६ टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवलात, तर त्यानंतरची पाच वर्षं ४४एडी बंद. शिवाय एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल तर त्या वर्षी ऑडिट. पार्ट टाइम डिलिव्हरीत खर्च ९४ टक्क्यांच्या वर जाणं कठीणच, त्यामुळे घाबरू नका.

ओडोमीटर_वही

खर्चाचा मार्ग घेणाऱ्यांसाठी: अ‍ॅपमधल्या किलोमीटरवर विसंबू नका. बऱ्याचदा तिथे हॉटेल ते ग्राहक एवढंच मोजलेलं असतं, रिकामं परत येणं नसतं. लॉग-इन आणि लॉग-आउटला ओडोमीटरचा फोटो काढा, वहीत तारीख आणि दोन आकडे. मानखुर्दहून झोनपर्यंतचं जाणं खाजगीत टाकलेलं बरं, तिथे वाद होतो. पेट्रोल यूपीआयने भरा, पंपाची थर्मल पावती चार महिन्यांत कोरी पडते.

सव्वीस_एएस_आधी_बघा

फॉर्म उघडण्याआधी आयकर पोर्टलवर ई-फाइल मेनूतून २६एएस (तुमच्या नावे कापलेल्या कराचा तक्ता) काढा, एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांचा तक्ता) पण. तीन गोष्टी तपासा.

कलम १९४सी आहे ना? १९४एच असेल तर ते कमिशन ठरतं आणि कमिशनला ४४एडी लागू नाही.

जमा रक्कम २६एएसमधली घ्या, पासबुकातली नाही. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे तुमच्याकडे राहिले की अ‍ॅप ते साप्ताहिक पेमेंटमधून वळतं करून घेतं, त्यामुळे बँकेत कमी दिसतं. पासबुकाचा आकडा टाकला की फरकाची नोटीस. सर्वाधिक घोटाळा इथेच होतो.

कापणी १ ऐवजी २० टक्के दिसली तर पॅन-आधार जोडणी बघा.

पगार आहे म्हणून सवयीने आयटीआर-१ भरू नका. त्यात धंद्याचं उत्पन्न बसत नाही, रिटर्न सदोष ठरून १३९(९) ची नोटीस येते आणि दुरुस्तीला १५ दिवस मिळतात. परताव्यासाठी बँक खातं पोर्टलवर आधी व्हॅलिडेट करा. वरची कलमं १९६१ च्या कायद्याची आहेत, २०२५-२६ चं रिटर्न त्यानेच. १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला २०२५ चा नवा कायदा, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, पुढच्या वर्षी ‘४४एडी’ शोधत बसू नका.

मानखुर्दचा_स्प्लेंडर

२६एएस काढलं. १९४सी, जमा १,८४,२००, कापले १,८४२. पासबुकात १,८०,००० च होते. आयटीआर-४ भरतोय, १,८४,२०० धरून.